इंदूरचे खत आणि कामाचा क्रम

इंदूर म्हटले की होळकरांचा राजवाडा आणि सराफ्यातील रात्रीची खाद्यपेठ डोळ्यांपुढे येते. परंतु जगाच्या शेतीच्या इतिहासात या नगरीचे नाव राहिले ते खताच्या खड्ड्यांमुळे.

१९२४ साली आल्बर्ट हॉवर्ड इंदुरास ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ या संस्थेचे संचालक म्हणून आले. संस्थेचा मुख्य विषय कापूस. पण कापूस पिकावयाचा जमिनीच्या बळावर, आणि जमीन तर उपाशी! शेण गोवऱ्या होऊन चुलीत जात होते; विकतचे खत गरीब कुणब्याच्या आवाक्याबाहेरचे. तेव्हा शेतातल्याच टाकाऊ वस्तूंचे खत करण्याचा प्रश्न हॉवर्ड आणि त्यांचे रसायनशास्त्रातील सहकारी यशवंत वाड यांनी हाती घेतला.

उकिरडा शेतकऱ्याला नवा नव्हता. नवा होता तो कामाचा क्रम. पऱ्हाट्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चुरडावयाच्या. मग काडीकचरा बैलांखाली अंथरावयाचा. शेणामुताने भिजलेले ते अंथरूण, गोठ्यातील माती आणि राख यांच्या थरांनी ६ दिवसांत खड्डा भरावयाचा. १६ व्या दिवशी पहिली उलथापालथ, महिन्याने दुसरी, ६० व्या दिवशी तिसरी, मधूनमधून पाणी, आणि ९० व्या दिवशी खत शेतात. यातली एकही पायरी गाळता येत नसे. कारण खरे कामकरी होते ते बुरशी आणि सूक्ष्म जंतू. त्यांना हवा व ओल वेळेवर मिळाली नाही तर ढीग सडतो, दुर्गंधी सुटते, माश्या होतात. दहा मजूर अधिक लावले म्हणून ९० दिवसांचे ६० होत नाहीत.

माणसाच्या हाती उरते ती खड्ड्यांची मांडणी. संस्थेत ४० बैलांच्या गोठ्याशेजारी ३३ खड्डे तीन रांगांत होते. मधून भरल्या गाडीला वाट होती. खड्डे एकामागून एक भरत गेले, तर पहिल्याची पहिली उलथापालथ येते तेव्हा तिसरा खड्डा भरत असतो. त्याच माणसांना रोज काम मिळते आणि खताचा पुरवठा अखंड राहतो. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत हेन्री गँट यांनी कारखान्यांतील कामे तक्त्यांवर आडव्या पट्ट्यांनी मांडली. आज संगणक असे तक्ते क्षणात आखतो. पण कोणते काम कोणत्या कामावाचून अडते, हे आधी माणसालाच ओळखावे लागते.

१९३१ साली हॉवर्ड आणि वाड यांनी ही पद्धती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. १९३५ साली महात्मा गांधींनी इंदुरास संस्था पाहिली. परदेशांतील मळेवाल्यांनी ही पद्धती उचलली. त्यांच्यापाशी मजुरांच्या तुकड्या होत्या. एकट्या कुणब्यापाशी मात्र उन्हाळ्यात पाणी नसे आणि पेरणीच्या घाईत उलथापालथीला हात नसत. निसर्गाच्या चालीने आखलेले वेळापत्रक राबणाऱ्याच्या सवडीशीही जुळावे लागते, हा इंदूरच्या खड्ड्यांनी दिलेला दुसरा धडा होय.