काटा आणि आकडे : जुन्या पद्मिनीचे वेगमापक का चुकते?

१/ पुण्याहून नाशिककडे जाताना मोशीजवळ इंद्रायणी ओलांडली की चिंबळीच्या पुढे कुरुळी लागते आणि मग चाकण. या औद्योगिक पट्ट्यात आज तयार होणाऱ्या मोटारींत वेग मोजण्याचे काम इलेक्ट्रॉनिक सेन्सर करतात. याच रस्त्याने एखादी जुनी प्रीमियर पद्मिनी जाते, तेव्हा मात्र काटा थरथरताना दिसतो आणि डॅशबोर्डमागून टिकटिक ऐकू येते. त्या काट्याचा हा इतिहास.

२/ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात पुढे इटलीच्या फियाटची ११०० ही मोटार तयार होऊ लागली. १९७४ पासून तिला 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती घराघरांत पोहोचली. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती टॅक्सी रस्त्यावरून कायमची उतरली. हौसेने जपलेल्या पद्मिनी अजून धावतात.

३/ या मोटारीच्या मीटरमध्ये एकाच डबीत दोन स्वतंत्र यंत्रे असतात. काटा वेग दाखवतो आणि त्याखालचे फिरते आकडे अंतर दाखवतात. दोघांनाही गिअरबॉक्सपासून आलेली एकच केबल फिरवते. तरीही दोघांचे कुळ वेगळे आहे, आणि मीटरमधला दोष शोधण्याची किल्ली याच फरकात दडलेली आहे.

४/ अंतर मोजणारे यंत्र अतिप्राचीन आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात रोमन वास्तुकार विट्रुव्हियस याने अशा एका गाडीचे वर्णन केले आहे. चाकाच्या फेऱ्यांनी दंतचक्रे फिरत आणि प्रत्येक रोमन मैलाला एक खडा खालच्या भांड्यात पडे. प्रवास संपला की खडे मोजायचे. पद्मिनीचे आकडे याच पद्धतीने, दात मोजत मोजत पुढे सरकतात.

५/ वेग दाखवणारे यंत्र त्यामानाने फारच तरुण आहे. १८२४ साली फ्रेंच शास्त्रज्ञ आरागो याला दिसले की तांब्याची चकती फिरवली असता तिच्यावर टांगलेली चुंबकसूची तिच्यामागे ओढली जाते. दोघांचा एकमेकांना स्पर्श नसतो, तरीही! १८३१ मध्ये मायकेल फॅरेडे याने विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला आणि या कोड्याचा उलगडा झाला. फिरणाऱ्या धातूत विजेचे भोवरे उठतात आणि तेच सूचीला ओढतात.

६/ जर्मन अभियंता ओटो शुल्झ याने १९०२ साली याच तत्त्वावरच्या वेगमापकाचे पेटंट बर्लिनमध्ये नोंदवले. केबल एक चुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. ती ओढली जाते, पण केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. ओढ आणि खेच जिथे समान होतात, तिथे काटा थांबतो.

७/ म्हणजे आकडे फेऱ्या मोजतात आणि काटा अंदाज बांधतो. दंतचक्राचा दात झिजून तुटेपर्यंत मोजणी चुकत नाही. अंदाज मात्र स्प्रिंगच्या ताणावर व चुंबकाच्या बळावर अवलंबून असतो, आणि ही दोन्ही वयानुसार बदलतात. स्प्रिंग सैल पडली तर काटा वेग जास्त दाखवतो. चुंबक क्षीण झाला तर कमी.

८/ आधी आवाजाकडे पाहू. केबल म्हणजे नळीच्या आत फिरणारी पोलादी तारांची पिळलेली दोरी. तिच्यावरचे वंगण सुकले, किंवा नळीला तीव्र बाक आला, की ती अडखळते आणि मग झटक्याने सुटते. कमी वेगात काटा थरथरतो आणि टिकटिक होते, ती यामुळे. केबल मीटरच्या मागून सोडवून गाडी थोडी चालवून पाहावी. आवाज कायम राहिला तर दोष केबलमध्ये. थांबला तर बहुधा मीटरच्या डबीत.

९/ केबलला हलके ग्रीस पुरते, मात्र मीटरकडचे टोक कोरडे ठेवावे. ग्रीस फिरत्या तारेवरून वर चढते आणि चुंबक व वाटी यांच्यामधल्या फटीत जाऊन बसते. मग वाटी अधिक जोराने ओढली जाते आणि काटा खोटा वेग दाखवू लागतो. आवाज बंद करण्याच्या उत्साहात अचूकता गमावण्याचा हा नेहमीचा प्रकार आहे.

१०/ आता अचूकता. रस्त्याकडेला पिवळ्या माथ्याचे किलोमीटरचे दगड असतात. पहाटे, वर्दळ नसताना, काटा ६० वर स्थिर ठेवावा आणि शेजारी बसलेल्या व्यक्तीने दोन दगडांमधला वेळ मोजावा. ६० सेकंद लागले तर काटा खरा. ७२ लागले तर गाडीचा खरा वेग ताशी ५० किलोमीटर आहे.

११/ त्याच वेळी आकडेही तपासावेत. दहा दगडांच्या अंतरात आकडे बरोबर दहा किलोमीटर पुढे सरकले आणि काटा मात्र चुकला, तर दोष स्प्रिंग, चुंबक किंवा वाटीत. आकडे अकरा किलोमीटर पुढे गेले, तर केबलच जास्त फिरते आहे. अशा वेळी टायर मूळ मापापेक्षा लहान आहेत का, किंवा गिअरबॉक्समधले मीटरचे दंतचक्र बदलले गेले आहे का, हे पाहावे.

१२/ इतिहासाच्या अभ्यासकाला ही रीत ओळखीची वाटेल. एकाच बखरीतली दोन विधाने वेगवेगळ्या मार्गांनी आलेली असू शकतात. त्यांचा मेळ बसत नसेल तर सगळी बखर टाकून देण्याआधी कोणते विधान कशावर आधारलेले आहे, हे तपासावे लागते. तिसरा पुरावा बाहेरून आणावा लागतो. इथे ते काम दगड करतो.

१३/ त्या दगडालाही इतिहास आहे. १९५६ च्या कायद्याने भारतात मेट्रिक पद्धती आली आणि मैलांची जागा हळूहळू किलोमीटरने घेतली. त्याआधी इंग्लंड-अमेरिकेतून आलेल्या मोटारींच्या तबकडीवर ताशी मैल असत. अशा गाडीत काटा ४० वर असताना खरा वेग ताशी ६४ किलोमीटर असतो. तो मीटरचा बिघाड नव्हे. यंत्र आपल्या काळाच्या मापात बोलत असते. रस्ता रुंद करताना दगडही हलवले जातात, म्हणून एका दगडावर न विसंबता दहांवर मोजणी करावी आणि जमल्यास जीपीएसशी ताडून पाहावी.

१४/ हा खटाटोप का करायचा? २०२१ साली केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. वय पन्नास वर्षांहून अधिक असावे आणि मूळ रूप टिकलेले असावे, ही त्यांतली मुख्य अट. १९७४ च्या पहिल्या पद्मिनींनी ती वयोमर्यादा २०२४ मध्ये गाठली. काटा चुकतो म्हणून मूळ मीटर भंगारात देऊन नवे बसवणे सोपे आहे. पण त्यासोबत त्या गाडीने आयुष्यभर मोजलेले अंतरही भंगारात जाते.

१५/ म्हणून दुरुस्तीचा क्रम ठरलेला असावा. आधी आकड्यांचे छायाचित्र आणि तारखेची नोंद. मग केबल, मग टायर आणि दंतचक्र, आणि अगदी शेवटी मीटरची डबी. ती उघडायची वेळ आलीच तर काम जाणत्या कारागिराकडे द्यावे आणि आकडे शून्यावर आणू नयेत. काटा पुन्हा जुळवता येतो. पुसलेले आकडे मात्र परत येत नाहीत.