जुन्या स्वयंपाकघराला माफक खर्चात नवे रूप

पुनर्विक्रीची सदनिका घेतल्यावर गृहकर्जाचे हप्ते सुरू होतात आणि स्वयंपाकघरासाठी हाती बेताचीच रक्कम उरते. अशा वेळी पहिला खर्च भिंतीआड दडलेल्या गोष्टींवर करावा. जस्ताचा मुलामा दिलेले जुने लोखंडी पाइप आतून गंजतात. नव्या टाइल्स बसविल्यानंतर गळती सुरू झाली, तर त्याच टाइल्स फोडाव्या लागतात. म्हणून सोसायटीला लेखी कळवून आधी पाइप बदलावेत, अर्थिंग तपासावे आणि मायक्रोवेव्हसाठी १६ अँपिअरचा स्वतंत्र प्लग काढून घ्यावा.

त्यानंतर ओट्याचा विचार. कडाप्पा हा चुनखडीचा दगड असल्याने लिंबू-चिंचेच्या आंबटपणाने त्यावर डाग पडतात. ग्रॅनाइटला सहसा तो त्रास नसतो. मात्र कडाप्पाचा ओटा भक्कम आणि सोयीच्या उंचीचा, म्हणजे स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीच्या कोपरापेक्षा चार-पाच इंच खाली असेल, तर केवळ डागांपायी तो तोडू नये. खालचे खण तसेच ठेवून त्यांना नवी दारे बसवावीत. ट्रॉल्या रोजच्या भांड्यांपुरत्या पुरेत. वाचलेल्या पैशांतून एक्झॉस्ट पंखा आणि ओट्यावर पुरेसा उजेड, या दोन सोयी अवश्य कराव्यात.