पेंटबॉलसाठी स्कुबाची टाकी घरी ठेवायची? नागपूरच्या उन्हात २०० बारची हवा कशी सांभाळायची ते आधी वाचा

पेंटबॉलची बंदूक, म्हणजे खेळणाऱ्यांच्या भाषेत मार्कर, रंगाची गोळी उडवते ती हवेच्या दाबावर. हवा संपली की खेळ थांबतो. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर इथे कामाचा नाही. तो साधारण ८-१० बार दाब देतो आणि मार्करच्या छोट्या टाकीला लागतात २०० बार, काही टाक्यांना तर ३००. म्हणून बाहेरच्या देशांतले खेळाडू एक जुगाड करतात. पाणबुडे पाठीवर बांधतात ती स्कुबाची टाकी विकत घ्यायची, भरून आणायची आणि तिच्यातून छोटी टाकी पुन्हा पुन्हा भरायची.

व्हिडिओत हे फार सोपं दिसतं. पण तीच टाकी हुडकेश्वरमधल्या एखाद्या लेआउटमधल्या घरात, मे महिन्यात, जिन्याखाली ठेवायची म्हटलं की प्रश्न बदलतात.

एका टाकीत किती खेळ होतो?

सगळ्यात जास्त चालणारी स्कुबाची टाकी ॲल्युमिनियमची असते. आतली जागा साधारण ११ लिटर, दाब २०७ बार, म्हणजे ३००० पीएसआय. रिकामी असतानाच वजन १४ किलोच्या घरात. या ११ लिटरमध्ये बाहेरची साधारण २२०० लिटर हवा कोंबलेली असते.

मार्करची ४८ घनइंचाची टाकी पाऊण लिटरपेक्षा थोडी मोठी असते. ती पूर्ण रिकामी असेल तर पहिल्या भरण्यात दोन्ही टाक्यांचा दाब १९३ बारवर सारखा होतो. पाचव्या भरण्याला १४७ आणि दहाव्याला जेमतेम १०४ बार मिळतात. म्हणजे छोटी टाकी काठोकाठ कधीच भरत नाही आणि दहा वेळा भरून झालं की मोठी टाकी घेऊन पुन्हा कॉम्प्रेसर गाठावा लागतो.

विदर्भातल्या खेळाडूची खरी अडचण इथे आहे. महाराष्ट्रात स्कुबा म्हटलं की मालवण आणि तारकर्ली. ते राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. जवळपास उच्च दाबाची स्वच्छ, कोरडी हवा भरून देणारा परवानाधारक आहे का, हे टाकी घेण्याआधी शोधा. तो नसेल तर महागडी टाकी घरात नुसती शोभेला राहील. आणि हवा मिळत नाही म्हणून कोणी ऑक्सिजन भरून देतो म्हणाला तर तिथून सरळ निघा. मार्करच्या रेग्युलेटरमध्ये तेल-ग्रीस असतं. उच्च दाबाच्या ऑक्सिजनशी त्याची गाठ पडली की ठिणगीशिवायही पेट घेतो.

कायदा काय म्हणतो?

देशभरातल्या गॅस सिलिंडरचे नियम ज्या कार्यालयातून राबवले जातात, ते नागपुरातच आहे. पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना, म्हणजे पेसो, हिचं मुख्यालय सेमिनरी हिल्सला आहे. हुडकेश्वरहून शहर ओलांडलं की पोहोचलात. स्फोटकांचा हा विभाग १८९८ पासूनचा, आणि सध्या लागू आहेत ते गॅस सिलिंडर नियम, २०१६.

या नियमांत ५०० मिलीलिटरपेक्षा मोठं आणि १००० लिटरपर्यंतचं बंद धातूचं भांडं म्हणजे गॅस सिलिंडर. त्यामुळे स्कुबाची टाकी तर यात येतेच, ४८ घनइंचाची मार्करची टाकीही येते. ती ७८७ मिलीलिटरची असते. सिलिंडर आणि त्याचा वाल्व्ह मान्यताप्राप्त प्रकारचाच हवा, आणि आयातीला परवाना लागतो. परदेशी वेबसाइटवरून टाकी मागवायची आणि कुरिअरवाल्याची वाट बघायची, हा बेत इथेच बारगळतो.

हवेसारख्या बिनविषारी, न पेटणाऱ्या वायूचे २०० पर्यंत सिलिंडर जवळ ठेवायला परवाना लागत नाही. म्हणजे घरात एक टाकी ठेवणं हा गुन्हा नाही. पण सिलिंडर भरणं हे वेगळं काम आहे आणि त्याला परवाना लागतो. मैदान चालवणाऱ्याने ग्राहकांच्या टाक्या भरून द्यायची सोय सुरू करण्याआधी पेसोकडे लेखी विचारलेलं बरं.

आणखी एक नियम नागपूरकरांनी लक्षात ठेवावा असा: भरलेला सिलिंडर सायकलवर किंवा दुचाकीवर नेता येत नाही. ॲक्टिव्हाच्या पायाशी टाकी ठेवून मानेवाडा रोडने जाणं नियमबाह्य आहे.

जुनी टाकी घेताना

टाकीच्या खांद्यावर कोरलेली अक्षरं म्हणजे तिचा सातबारा. बनवल्याची तारीख, अनुक्रमांक, कामाचा दाब आणि शेवटच्या हायड्रो टेस्टची तारीख, हे सगळं तिथे वाचता आलं पाहिजे. या चाचणीत टाकीत पाणी भरून कामाच्या दाबापेक्षा जास्त दाब देतात आणि ती किती फुगते ते मोजतात. उच्च दाबाच्या हवेच्या टाकीची ही चाचणी साधारणपणे दर ५ वर्षांनी होते. तारीख उलटून गेली असेल तर चाचणीचा खर्च किमतीतून वजा करा. अक्षरं घासलेली असतील तर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

१९७० आणि ८० च्या दशकांतल्या काही ॲल्युमिनियम टाक्या ६३५१ नावाच्या मिश्रधातूच्या होत्या. त्यांच्या मानेत कालांतराने चिरा पडतात, म्हणून पुढे ६०६१ हा मिश्रधातू आला. इतकी जुनी टाकी नकोच.

नवा चकाचक रंग दिसला तर विचारा, रंग कसा दिला? पावडर कोटिंगसाठी भट्टीत ठेवलेली ॲल्युमिनियमची टाकी बाद समजा. १७५ अंशांच्या पुढे तापली की धातूची ताकद कमी होते आणि बाहेरून काहीच कळत नाही.

ठेवायची कुठे?

मे २०१३ मध्ये नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तापमान वाढलं की बंद टाकीतला दाबही वाढतो. २७ अंशांना २०० बार असलेली टाकी ४७ अंशांना २१३ बारवर जाते. उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीत ६७ अंश झाले तर २२७ बार. दाब धोक्याच्या पातळीवर गेला तर फुटून हवा सोडणारी पातळ चकती वाल्व्हमध्ये असते, पण तिच्या भरवशावर टाकी गाडीत सोडू नये. आणि मार्करसाठी कार्बन डायऑक्साइड वापरत असाल तर काळजी दुप्पट. तो वायू बाटलीत द्रवरूपात असतो. २१ अंशांना साधारण ५८ बार, ३१ अंशांना ७४ बार, आणि त्यापुढे तो द्रव राहतच नाही. बाटली जास्त भरलेली असेल तर दाब झपाट्याने चढतो.

म्हणून गच्चीवरची टिनाची खोली बाद. स्वयंपाकघर, देवघरातल्या दिव्याजवळची जागा, इन्व्हर्टरच्या बॅटरीचा कोपराही बाद. खालच्या मजल्यावरची, सावलीतली, कोरडी आणि हवा खेळती असलेली खोली बघा. टाकी उभी ठेवून भिंतीला पट्ट्याने किंवा साखळीने बांधा. १४ किलोची टाकी फरशीवर आडवी पडून वाल्व्ह तुटला तर तिचं रॉकेट होतं, आणि घरात लहान मुलं असतील तर ती ओढून बघणारच. बुडाला रबरी बूट असेल तर अधूनमधून काढून पुसा, आत पाणी साचून धातू खातं.

महिनोन्‌महिने वापर नसेल तर दाब १५-२० बारपर्यंत उतरवून ठेवा. पूर्ण रिकामी मात्र करू नका, वाल्व्हमधून दमट हवा आत शिरते. अर्धवट भरलेली टाकी आगीत जास्त फसवी असते. दाब चकती फुटण्याइतका चढण्याआधीच ॲल्युमिनियम नरम पडू शकतं.

भरताना

डोळ्यांवर गॉगल हवाच. दाबाचं मीटर आणि साठलेली हवा सोडणारा ब्लीड वाल्व्ह असलेलंच फिल स्टेशन घ्या. छोट्या टाकीवर ३००० पीएसआय लिहिलं असेल तर ३००० च्या वर काटा जाऊ देऊ नका. वाल्व्ह हळूहळू उघडा, कारण झपाट्याने भरली की टाकी तापते आणि थंड झाल्यावर दाब पुन्हा उतरतो. वाल्व्हला किंवा जोडाला तेल लावायचं नाही.

छोटी टाकी मार्करवरून काढताना नीट बघा की टाकी आणि तिचा वाल्व्ह एकत्र फिरतायत ना. टाकी फिरतेय आणि वाल्व्ह मार्करलाच चिकटलाय असं दिसलं तर लगेच थांबा. अमेरिकेत कार्बन डायऑक्साइडच्या बाटल्या अशा वाल्व्हपासून सुटून उडाल्या आणि लोकांचे जीव गेले.

चाचणीत नापास झालेली टाकी भंगारवाल्याला तशीच द्यायची नसते. नियमांप्रमाणे ती चेपून किंवा तुकडे करून नष्ट करावी लागते, तुकडे जोडून पुन्हा सिलिंडर बनणार नाही अशा रीतीने. त्याआधी वाल्व्ह हळूच उघडून आतली हवा पूर्ण सोडा.