अरहंत : एका बिरुदाची कुळकथा

‘अरहंत’ हे बिरुद बुद्ध आणि महावीर या दोघांपेक्षाही जुने. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलात रुद्राला ‘अर्हन्’ म्हटले आहे. अर्थ मानास पात्र असलेला. मगधातल्या श्रमणांनी ते देवाकडून घेतले आणि स्वतःच्या प्रयत्नाने मुक्त झालेल्या माणसाला दिले. बिरुदाच्या इतिहासातली खरी उलथापालथ हीच.

त्या काळी अशी बिरुदे कुणा एका पंथाची नव्हती. ज्ञानप्राप्तीनंतर सारनाथकडे निघालेल्या बुद्धांना वाटेत आजीवक पंथाचा उपक नावाचा श्रमण भेटला. आपण ‘जिन’ आहोत, असे बुद्धांनी त्याला सांगितले. ‘असेलही’ म्हणत उपक मान हलवून आडवाटेने निघून गेला, असे विनयपिटकात येते. ‘जैन’ हे नाव ज्यावरून आले तो शब्द इथे बुद्धांच्या तोंडी आहे. उलट ‘तित्थकर’ म्हणजे तीर्थंकर हा शब्द पाली ग्रंथांत सहा प्रतिस्पर्धी आचार्यांना लावलेला दिसतो. त्यांतच ‘निगंठ नातपुत्त’, म्हणजे महावीर, येतात.

पुढे वाटण्या झाल्या. ‘तथागत’ मुख्यतः बौद्धांकडे राहिले, ‘तीर्थंकर’ जैनांचे झाले. ‘अरहंत’ मात्र सामाईकच राहिले, अर्थ तेवढा पालटला. बौद्धांत मुक्त झालेला शिष्यही अरहंत ठरला, म्हणून शास्त्याचे, म्हणजे बुद्धांचे, वेगळेपण दाखवायला ‘सम्यक् संबुद्ध’ जोडावे लागले. जैनांत ते प्रामुख्याने तीर्थंकरांचे राहिले आणि ‘अरि’ म्हणजे शत्रू, त्यांचा नाश करणारा तो ‘अरिहंत’ अशी नवी फोडही रूढ झाली. व्याकरणाला ती फारशी मानवत नाही. पण तिथे शत्रू म्हणजे राग-द्वेष, त्यामुळे भक्ताला ती पटते.

या सामाईकपणाचा पेच सह्याद्रीत प्रत्यक्ष दिसतो. उत्तरेला नाशिकची पांडवलेणी, दक्षिणेला जुन्नरची लेणी, आणि आणखी खाली मावळात कामशेतजवळ पाले हे गाव. पाल्याच्या लहानशा लेण्यातला ब्राह्मी लेख इसवी सनापूर्वीचा मानतात. आरंभी अरहंतांना वंदन आहे. मग भदंत इंदरखिताने लेणे आणि पोढी करविल्याची नोंद. पोढी म्हणजे कातळात खोदलेले पाण्याचे टाके. वंदनाच्या धाटणीवरून ह. धी. सांकलिया आणि शोभना गोखले यांनी तो लेख जैन ठरवला. ओडिशातल्या जैन राजा खारवेलाच्या हाथीगुंफा लेखाची सुरुवातही अशीच आहे. पण ‘अरहंत’ दोघांचे, ‘भदंत’ही दोघांचे, म्हणून निव्वळ बिरुदावरून दिलेला निवाडा जपूनच घ्यावा लागतो. मथुरेच्या काही जैन लेखांत ‘अरहत’पुढे वर्धमानाचे नावच कोरले आहे. पाल्याच्या लेखात ते नाही.

आज महाराष्ट्रात हे बिरुद रोज दोन रूपांत उच्चारले जाते. जैनांच्या नवकार मंत्रातले पहिले वंदन ‘अरिहंतां’ना असते. बौद्धांच्या पाली वंदनेत ‘अरहतो’ येते, आणि 14 ऑक्टोबर 1956च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर ती वंदना गावोगावच्या विहारांत पोहोचली.