महासाथ, मद्य आणि मध्यमवयीन स्त्री : महाराष्ट्राच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस हा साखर कारखान्यांचा तालुका. माळीनगर, श्रीपूर व अकलूज येथील कारखान्यांनी या अवर्षणप्रवण भागाचे अर्थकारण पालटले. साखरेमागोमाग मळी आणि मळीपासून अल्कोहोल हे ओघानेच आले. २०२० मध्ये कोविडच्या साथीत राज्यातील आसवनींना सॅनिटायझर तयार करण्याची परवानगी मिळाली आणि अल्कोहोल संरक्षक द्रव्य म्हणून घरोघरी पोहोचले. मद्य हे आरोग्याचे साधन की आरोग्याला धोका, हा जुना प्रश्न त्यामुळे पुन्हा पुढे आला. चाळिशी-पन्नाशीतील स्त्रीच्या संदर्भात त्याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कायद्यातील ‘आरोग्य’ :
१९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाने मद्यसेवनास मनाई केली. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा बहुतांशी वैध ठरवला. मात्र अल्कोहोलयुक्त औषधे व प्रसाधने यांवरील निर्बंध रद्द केले. पुढे बंदी शिथिल झाली, तरी परवाना राहिला आणि तो ‘आरोग्याचे जतन व संवर्धन’ या कारणासाठी दिला जाऊ लागला. मे २०२० मध्ये घरपोच मद्यविक्री सुरू झाली, तीही परवानाधारकांसाठीच. म्हणजे महासाथीच्या काळातही कायद्याच्या भाषेत मद्य हे आरोग्यासाठीच घेतले जात होते.

नोंदींमधील स्त्री :
मराठी समाजमनातील मद्य आणि स्त्री यांचे नाते प्रामुख्याने सोसण्याचे आहे. १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’तील सिंधू हे त्याचे ठळक रूप होय. गडचिरोलीतील १९९३ ची व चंद्रपूरमधील २०१५ ची (२०२१ मध्ये उठवलेली) दारूबंदी, तसेच ‘आडवी बाटली’ची मतदाने यांतून स्त्री प्रतिकारक म्हणून पुढे आली. स्वतः मद्य घेणारी स्त्री मात्र या इतिहासात जवळजवळ अनुपस्थित आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरील १३.९ टक्के पुरुष व अवघ्या ०.४ टक्के स्त्रिया मद्य घेतात. ही माहिती २०१९ मधील, म्हणजे महासाथीपूर्वीची आहे. शिवाय ज्या कृतीला कलंक चिकटलेला आहे, तिची कबुली सर्वेक्षकासमोर कितपत दिली जाते, हा प्रश्न उरतोच.

महासाथ आणि धोक्याची कल्पना :
मद्य कोविडपासून संरक्षण देत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाला एप्रिल २०२० मध्ये स्पष्ट करावे लागले. ऑस्ट्रेलियात ४५ ते ६४ वयोगटातील स्त्रियांच्या मुलाखती घेऊन महासाथीतील मद्यसेवन व धोक्याची जाणीव यांचा अभ्यास झाला. महाराष्ट्रातील चर्चा मात्र दुकानांसमोरील रांगा आणि महसूल यांभोवतीच फिरत राहिली. संसर्गाचा धोका तत्काळ दिसतो. मद्याचा धोका वर्षानुवर्षे साचतो. मद्य व स्तनाचा कर्करोग यांचा कार्यकारणसंबंध आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्येच मान्य केला आहे. रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावरील स्त्रीसाठी ही माहिती अत्यंत महत्त्वाची ठरते. परंतु जी स्त्री मद्य घेते हेच समाज गृहीत धरत नाही, तिला ती सांगणार कोण?

निष्कर्ष :
कायद्याने मद्याला आरोग्याशी जोडले, चळवळींनी स्त्रीला मद्याच्या विरोधात उभे केले. या दोन्ही चौकटींत मद्य घेणाऱ्या मध्यमवयीन स्त्रीच्या आरोग्याला स्थान मिळाले नाही. चळवळींचे मोल त्यामुळे कमी होत नाही. तथापि आकडा लहान आहे म्हणून प्रश्नही लहान मानणे इतिहासलेखनाला व आरोग्यधोरणाला परवडणारे नाही. मौखिक इतिहासाच्या पद्धतीने या अनुभवांची नोंद होणे आवश्यक आहे.