मायना, तारीख, मजकूर: घटनाकाळातील पत्रांच्या नव्या वाचकांसाठी

दुसऱ्याची पत्रे वाचू नयेत, असे लहानपणी आपल्या सगळ्यांनाच बजावलेले असते. इतिहासाच्या अभ्यासकाचा मात्र त्याशिवाय निभाव लागत नाही, आणि मराठी माणसाने हा नियम फार पूर्वी, मोठ्या हौसेने मोडला आहे. वि. का. राजवाड्यांनी गावोगावची दप्तरे उलगडून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. पुढे रियासतकार सरदेसायांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड काढले. पत्रांतून राज्य कसे चालते हे आपल्या वाचकाला त्यामुळे नवे नाही. पत्रांतून नवे राज्य उभे कसे राहते, ते दाखवणारे कागद मात्र त्या मानाने कमी वाचले जातात. १९४६ ते १९५१ या पाच-सहा वर्षांत देशाच्या कारभाऱ्यांनी एकमेकांना लिहिलेल्या पत्रांविषयी मी बोलतो आहे. या कागदांच्या वाटेला जावे की नाही, असा विचार करत उंबऱ्यावर थांबलेल्या वाचकासाठी ही प्रस्तावना आहे.

आधी एक रास्त शंका. घटना समितीची भाषणे छापलेली आहेत, शब्दन् शब्द उपलब्ध आहेत. मग खासगी पत्रांत डोके कशाला घालायचे? अमेरिकेच्या अभ्यासकांपुढे ही अडचण नव्हती. १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात त्यांची घटना बंद दाराआड तयार झाली आणि आत काय चालले आहे ते बाहेर बोलायचे नाही, असा नियम होता. जेफरसन तेव्हा पॅरिसमध्ये वकिलातीवर. त्याचा मित्र मॅडिसन याने सभा उठल्यावर, २४ ऑक्टोबरला, त्याला लांबलचक पत्र लिहून सगळे कळवले. जेफरसनने २० डिसेंबरला उत्तर दिले आणि या मसुद्यात नागरिकांच्या हक्कांची सनद नाही, ही तक्रार स्पष्ट नोंदवली. मॅडिसनला तेव्हा तिची फारशी निकड वाटत नव्हती. पण १७८९ च्या जूनमध्ये हक्कांच्या दुरुस्त्या त्यानेच मांडल्या आणि १७९१ च्या डिसेंबरात त्या घटनेत आल्या. त्याच्या मतांतरामागे राजकारणाची इतरही कारणे होती; तरी समुद्र ओलांडून आलेला तो कागद बाजूला ठेवून ही हकिगत सांगता येत नाही. (त्या घटनेवर सह्या झाल्या तो दिवस १७ सप्टेंबरचा. मराठवाड्यातल्या माणसाला मुक्तिसंग्राम दिनाची ही तारीख वेगळी सांगावी लागत नाही. हा निव्वळ योगायोग आहे, पण लक्षात राहायला बरा.)

आपल्याकडे सभागृहाचे दार उघडे होते, म्हणून पत्रांचे काम निराळे झाले. भाषणात माणूस सगळ्यांना उद्देशून बोलतो आणि ते छापले जाणार हे त्याला ठाऊक असते. कोणाला आत आणायचे, कोणाची समजूत काढायची, कोणता विषय पुढच्या बैठकीपर्यंत ढकलायचा, हे कागदावर एकाला एक असे लिहिले जाते.

याचा नमुना म्हणून नव्या वाचकाला मी नेहमी एकच पत्र आधी दाखवतो. ३० जून १९४७, नवी दिल्ली. लिहिणारे घटना समितीचे अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद, ज्यांना लिहिले ते मुंबई प्रांताचे पंतप्रधान बाळासाहेब खेर. (प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधान म्हणत. नव्या वाचकाला पहिली ठेच इथेच लागते.) पार्श्वभूमी अशी: डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४६ साली घटना समितीवर निवडून आले ते मुंबईतून नव्हे, बंगालमधून. जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पाठिंब्यावर. फाळणीची योजना ३ जूनला जाहीर झाली, बंगालची विभागणी ठरली आणि त्याबरोबर बाबासाहेबांचे सदस्यत्व संपले. इकडे बॅ. मुकुंदराव जयकरांनी राजीनामा दिल्यामुळे मुंबई प्रांताची एक जागा मोकळी होती. राजेंद्रप्रसादांचे पत्र थोडक्यात असे सांगते, की इतर सगळे विचार बाजूला ठेवले तरी समितीत आणि उपसमित्यांत आंबेडकरांचे काम असे झाले आहे की त्याला मुकणे आपल्याला परवडणार नाही. १४ जुलैला अधिवेशन भरते आहे, तेव्हा त्यांना तातडीने निवडून पाठवा.

पत्र लहानसे आहे. गौरवाचे शब्द आहेत, पण तेही कामापुरते. मी ते पहिल्यांदा वाचले तेव्हा गौरवाच्या वाक्याखाली पेन्सिलीने जाड रेघ ओढली आणि पान उलटले. तारखेकडे माझे लक्षच गेले नाही. पुढे कधीतरी दोन तारखा शेजारी ठेवल्या: ३० जून आणि १४ जुलै. मधे चौदा दिवस. तेवढ्यात दिल्लीचे पत्र मुंबईला पोचायचे, पक्षात सहमती व्हायची, उमेदवारी भरायची, निवडणूक व्हायची आणि निवडून आलेल्या माणसाने दिल्ली गाठायची. त्या जागेसाठी दादासाहेब मावळंकरांचे नाव आधीच पुढे होते. त्यांनाही सांगायला हवे होते. सरदार पटेलांनी जुलैच्या पहिल्या दिवसांत खेरांशी आणि मावळंकरांशी केलेला पत्रव्यवहार त्यासाठीच आहे. ही सगळी पत्रे एका ओळीत लावली की गौरवाचे ते वाक्य एकटे उरत नाही; त्याच्या मागे चाललेली धावपळ दिसू लागते. बाबासाहेब जुलैत मुंबईतून निवडून आले. २९ ऑगस्टला मसुदा समिती नेमली गेली आणि तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

या एका खुर्चीभोवतीची माणसे जरा न्याहाळून पाहा. खुर्ची सोडणारे जयकर, निवडणुकीची व्यवस्था करणारे रत्नागिरीचे खेर, बाजूला झालेले मावळंकर, म्हणजे बडोद्यात जन्मून अहमदाबादेत नाव काढलेले पण मुळात कोकणातल्या मावळंग्याच्या मराठी घराण्यातले, आणि खुर्चीवर आलेले आंबेडकर. कागद इंग्रजीत, हुकूम दिल्लीचा, पण माणसे आपली. या गोष्टीचे मला थोडे अप्रूप वाटते, हे कबूल करतो. त्यातही एक बारकावा आहे. १९४६ च्या डिसेंबरात नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला, तेव्हा मुस्लिम लीग आणि संस्थानिक येईपर्यंत थांबावे अशी उपसूचना जयकरांनी आणली होती. सभागृहात तिला फारशी सहानुभूती नव्हती. १७ डिसेंबरच्या भाषणात बाबासाहेबांनी तिच्यामागचा विचार उचलून धरला. सात महिन्यांनी ते जयकरांच्याच जागेवर बसले.

आता वाचायचे कसे? वाचकांनी मजकुरावर एकदम झेप घेऊ नये. आपल्या जुन्या पत्रांना मायना असतो, तिथी असते, मग मजकूर, आणि शेवटी लेखनसीमा. पेशवाईतल्या पत्रांत कित्येकदा महिना आणि चंद्र (म्हणजे त्या महिन्यातला दिवस) दिलेला, पण साल नाही. ते ठरवण्यात राजवाडे-सरदेसायांच्या पिढीचे डोळे गेले. १९४७ च्या पत्रांवर तारीख स्वच्छ टंकलेली असते आणि म्हणूनच आपण तिच्याकडे पाहत नाही. तुम्ही एक साधी वही करा. डावीकडे तारीख, मधे कोणी कोणाला, उजवीकडे त्या दिवशी देशात काय चालले होते. पन्नासेक पत्रे झाली, की न सांगता पुष्कळ उमगू लागते. दुसरे असे, की पत्र म्हणजे पुष्कळदा आधी तोंडी झालेल्या बोलण्याची पोचपावती असते. पटेल, नेहरू, राजेंद्रप्रसाद एकाच शहरात राहत, रोज भेटत. जे लिहिले गेले ते काही कारणाने लिहिले गेले. ते कारण शोधावे. आणि एकट्या पत्रावरून निवाडा करू नये. ३० जूनचे पत्र हातात नाचवत काँग्रेसचे औदार्य सिद्ध करणारेही भेटतात आणि काँग्रेसची गरज सिद्ध करणारेही. दोघांनीही पुढचे-मागचे पान उलटलेले नसते.

साधनांची टंचाई नाही. दुर्गा दास यांनी संपादित केलेला पटेलांचा पत्रव्यवहार दहा खंडांत आहे. वाल्मीकी चौधरी यांनी राजेंद्रप्रसादांचे कागद अनेक खंडांत आणले. घटना बनत असतानाची टिपणे बी. शिवराव यांच्या संग्रहात मिळतील. महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली आंबेडकरांचे लेखन-भाषण छापायला १९७९ पासून सुरुवात केली. त्या मालेत पत्रेही आहेत. इंग्रजीचा कंटाळा येत असेल तर चांगदेव खैरमोड्यांनी लिहिलेले आंबेडकरांचे चरित्र हाताशी ठेवा. घटनेचे सल्लागार बेनेगल नरसिंग राव १९४७ च्या अखेरीस अमेरिकेला गेले, न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटले आणि कायद्याच्या रीतसर प्रक्रियेबद्दलचा त्यांचा इशारा त्यांनी राजेंद्रप्रसादांना कळवला. मॅडिसन-जेफरसनांचा धागा आपल्या एकविसाव्या कलमापर्यंत कसा येतो, हे ज्यांना पाहायचे आहे त्यांनी तिथून सुरुवात केली तरी चालेल.

मी हे छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरातल्या माझ्या टेबलावर लिहितो आहे, आणि इथल्या वाचकाला एक गोष्ट टोचेल हे जाणतो. ३० जून १९४७ ला आपले शहर निजामाच्या राज्यात होते. इथले पोस्टाचे तिकीट निराळे, चलन निराळे. हैदराबाद संस्थानाच्या वाट्याच्या जागा घटना समितीत शेवटपर्यंत रिकाम्याच राहिल्या. म्हणजे ज्या कागदांनी आपले नागरिकत्व घडवले, त्यांवर मराठवाड्यातून गेलेल्या एकाही प्रतिनिधीची सही नाही. आपल्या वाट्याला आली ती वेगळी पत्रे: निजाम आणि माउंटबॅटन यांच्यातली, जैसे थे कराराच्या (२९ नोव्हेंबर १९४७) मागची-पुढची. ती जरूर वाचा, पण ज्यांच्याविषयी ती लिहिली गेली ती माणसे त्यांत जवळपास दिसत नाहीत. त्यांच्यासाठी स्वामी रामानंद तीर्थांच्या आठवणींकडे आणि इथल्या मुक्तिसंग्रामाच्या कागदांकडे वळावे लागते. दोन्ही ढीग शेजारी ठेवून वाचण्याचे काम अजून पुरेसे झालेले नाही. नव्या अभ्यासकाला मोकळे रान आहे.

अगदी शेवटी वाचायचा पत्रांचा एक लहान गुच्छ सुचवतो; तो आपल्याच शहरात उघडतो. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद इथे आले आणि बाबासाहेबांच्या मिलिंद महाविद्यालयाची कोनशिला त्यांच्या हस्ते बसली. ज्यांनी चार वर्षांपूर्वी खेरांना ते पत्र लिहिले तेच हे पाहुणे, आणि ज्यांच्यासाठी लिहिले तेच यजमान. १५ सप्टेंबरला याच राष्ट्रपतींनी हिंदू कोड बिलाला आपला विरोध कळवणारे पत्र नेहरूंना लिहिले. २७ सप्टेंबरला कायदामंत्री आंबेडकरांनी नेहरूंना राजीनामा पाठवला. हे बिल पार पडेल या आशेवर आपण इतके दिवस थांबलो होतो, असे त्यात म्हटले आहे. कोनशिलेपासून राजीनाम्यापर्यंत महिनाही गेला नाही. हा गुच्छ वाचून झाला की एखाद्या सकाळी त्या महाविद्यालयाच्या आवारात, नागसेनवनात जा, झाडांखाली बसा आणि ३० जूनचे ते पत्र पुन्हा काढून वाचा. या खेपेस तारखेपासून.

पुंडलिकनगर,
छत्रपती संभाजीनगर