सापडलं का गं लेकरू?

आपल्या इतिहासाच्या गोष्टींत आज राजा नाही आणि लढाईही नाही. हरवलेल्या आणि सुखरूप सापडलेल्या लेकरांची गोष्ट आहे. त्याहून जास्त, लेकरू सापडल्यावर भोवतीची माणसं काय करतात, त्याची.

सुरुवात माझ्यापासूनच करते. मी सहा-सात वर्षांची असताना अरणच्या यात्रेत हरवले होते. सावता महाराजांचं अरण आपल्याला जवळच, त्यामुळं दरवर्षी जाणं व्हायचं. फुगेवाल्याच्या मागं मागं गेले आणि मागं वळून पाहिलं तर आई नाही. एका बांगडीवाल्या मावशीनं मला धरलं, पाणी पाजलं आणि स्पीकरवाल्याकडं नेलं. त्यानं विचारलं, "आईचं नाव काय?" मी म्हणाले, "आई." "गाव कोणतं?" "आमचं गाव." सगळे हसले. शेवटी बिचाऱ्यानं माझ्या परकराचा रंग पुकारला, तेव्हा कुठं आई धावत आली. आल्या आल्या पाठीत एक धपाटा घातला, मग छातीशी धरलं आणि मग ती रडायला लागली. घोळका जमलाच होता. एक म्हातारी म्हणाली, "देव पावला गं बाई." लगेच दुसरी म्हणाली, "पण तुझं लक्ष कुठं होतं?"

घरी आजीनं मीठ-मोहऱ्या ओवाळून माझी दृष्ट काढली, नारळ फोडला. आई मात्र त्या रात्री जेवली नाही. पुढं कितीतरी वर्षांनी एकदा म्हणाली, "तू अर्धा तास हरवली होतीस. पण तो प्रश्न मी दर यात्रेला ऐकत होते."

मोडनिंबच्या माणसांना गर्दी नवी नाही. आपल्या पलीकडं पंढरपूर आहे. पूर्वी लोक दिंडीनं पायी जायचे नाहीतर बैलगाडीनं. दिंडीत सगळी एकमेकांच्या ओळखीची. मोठ्या पालखीत तर दिंड्यांना क्रमांक असतात, कोणती रथापुढं आणि कोणती रथामागं ते ठरलेलं असतं. पोराला आईचं नाव नाही सांगता आलं तरी टाळकरी बघून कुणीतरी म्हणायचं, "हे तर अमक्याच्या दिंडीतलं." मग आली बार्शी लाईट रेल्वे. 1897 साली ती बार्शी गाव ते बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, एवढीच सुरू झाली आणि 1906 साली पंढरपूरपर्यंत गेली. अडीच फुटी रुळांची ती छोटी गाडी आपल्या मोडनिंबवरूनच जायची. ती इतकी हळू चालायची की माणूस उतरून, शेतातली बोरं वेचून पुन्हा चढायचा, असं आजी सांगायची. यात थोडं तिखटमीठ असेल. पण गाडीनं एक मोठा बदल केला. एका डब्यात दहा गावची, एकमेकांना न ओळखणारी माणसं आली. म्हणजे पोर चुकलं तर ते कुणाचं, हे शेजारच्याला सांगता येईना.

तिथून पुढं अनोळखी माणसांवर भिस्त ठेवावी लागली. पोलिसाचा तंबू आला, भोंगा आला, आता पोराच्या हातावर पेनानं लिहिलेला मोबाईल नंबर आला. वाळवंटात रात्री उशिरापर्यंत स्पीकरवरून नावं पुकारली जातात ती ऐकताना मला नेहमी वाटतं, की कुणाची कोण ती माणसं, पण नाव ऐकून हजारो लोक क्षणभर इकडंतिकडं बघतातच.

आता थोडं लांब जाऊ, लातूरकडं. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. किल्लारीचा भूकंप आपल्याकडंही जाणवला होता. तुमच्यातल्या वयानं मोठ्या असलेल्यांना भांडी कशी वाजली ते आठवत असेल. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं दगडामातीच्या घरांखाली गेली. औसा तालुक्यातल्या मंगरूळ गावात अठरा महिन्यांची एक मुलगी ढिगाऱ्यात राहिली होती. आईबापांनी आशा सोडली होती. त्यांनी सैन्याच्या लोकांना विनवलं ते एवढंच, की मूठमाती देण्यापुरता देह तरी काढून द्या. लेफ्टनंट कर्नल सुमीत बक्षी नावाचे अधिकारी ढिगाऱ्यात सरपटत शिरले. पोरीला हात लागला तेव्हा त्यांना कळलं की ती जिवंत आहे. लोखंडी खाटेनं तिला वाचवलं होतं. हा पाचवा दिवस होता.

या गोष्टीत त्या आईला कुणी "लक्ष कुठं होतं" असं विचारलं नसणार. धरणीकंपाला जाब कोण विचारणार? एरवी मात्र दोष द्यायला माणूस लागतो. तो घरात सापडला नाही तर बाहेर शोधतात. पुढची गोष्ट त्याचीच आहे, आणि ती आपल्या जिल्ह्याच्या अगदी जिव्हारी लागलेली आहे.

2018 साली मोबाईलवर एक व्हिडिओ फिरत होता. गल्लीत पोरं खेळतायत, मोटारसायकलवरून दोघं येतात, एक पोर उचलतात आणि निघून जातात. देशभर लाखो लोकांनी तो पाहिला आणि पुढं ढकलला. "पोरं पळवणारी टोळी आली आहे, सावध राहा," असं खाली लिहिलेलं. खरं म्हणजे ती पाकिस्तानातल्या कराची शहरात, हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेनं बनवलेली जागृतीची फिल्म होती. मूळ फिल्ममध्ये ते दोघं लगेच मागं फिरतात, पोराला सुखरूप परत ठेवतात आणि हातातला फलक दाखवतात, की मूल पळवायला एक क्षण पुरतो. आपल्याकडं फिरलेल्या व्हिडिओतून नेमका हाच भाग कापलेला होता. पोर परत आलेलं कुणी पाहिलंच नाही.

त्या वर्षी 1 जुलैला, रविवारी, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथं बाजाराचा दिवस होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथं भिक्षा मागायला आली होती. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलला म्हणे. तेवढं पुरलं. "पोरं पळवणारे" म्हणून जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही जण मेले. त्यांच्यातल्या बहुतेकांची घरं होती आपल्या मंगळवेढ्याकडं. कोणतंही पोर हरवलेलं नव्हतं, मैत्रिणींनो. त्या पाच घरांतली पोरं मात्र पोरकी झाली. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवता येईल असं केलं. पाच माणसं आणि पाच ठिकाणं, हा आकडा माझ्या डोक्यातून जात नाही.

आपणही ते निरोप पुढं पाठवले होते. मी पाठवले होते. "काळजीपोटी पाठवलं," असं आपण म्हणतो, आणि ती काळजी खोटी नव्हती, हेच त्यातलं अवघड आहे.

आता त्याच मोबाईलची दुसरी गोष्ट, आणि ही मी जरा सावकाश सांगणार आहे. मुंबईतल्या अंधेरीच्या वस्तीत राहणारी सात वर्षांची मुलगी 22 जानेवारी 2013 रोजी शाळेजवळून नाहीशी झाली. डी. एन. नगर पोलिस ठाण्यात राजेंद्र धोंडू भोसले नावाचे सहायक फौजदार होते. 2008 ते 2015 या काळात त्यांच्याकडं 166 हरवलेल्या मुलींची प्रकरणं आली. त्यांतल्या 165 जणी सापडल्या. ही एकशे सहासष्टावी. 2015 साली भोसले निवृत्त झाले, पण तिचा फोटो त्यांनी जवळ ठेवला आणि ते तिला शोधत राहिले.

मुलगी कुठं होती? पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे मूल नसलेल्या एका जोडप्यानं तिला आईस्क्रीमचं आमिष दाखवून नेलं होतं. गोवा, कर्नाटक असं फिरवून त्यांनी तिला पुन्हा मुंबईत आणलं. त्यांना स्वतःचं मूल झालं तशी ही नकोशी झाली. शाळा सुटली, मार सुरू झाला आणि तिला लोकांच्या घरी मुलं सांभाळायच्या कामाला लावलं. ती राहत होती तिथून तिच्या आईचं घर जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर होतं. आपल्याकडं स्टँडपासून रेल्वे स्टेशनला निघालं तर असेल तेवढं, असं समजा. पण तिला ते माहीत नव्हतं.

एकदा तिनं घरातल्यांचा फोन गुपचूप घेतला आणि त्यात आपलं नाव शोधलं. स्वतःच्याच हरवल्याची पत्रकं तिला दिसली. तरी कुणाला सांगायचा धीर व्हायला काही महिने गेले. तिनं सांगितलं ते तिच्याच कामाच्या ठिकाणी घरकाम करणाऱ्या एका बाईला. पोलिस नाही, पुढारी नाही, शिकलीसवरलेली बाईसाहेब नाही, धुणंभांडी करणारी बाई. तिनं ते 2013 चं पत्रक काढलं. त्यावर पाच फोन नंबर होते. चार लागले नाहीत. पाचवा लागला. तो मुलीच्या कुटुंबाच्या शेजाऱ्याचा होता. नऊ वर्षांत त्यानं नंबर बदलला नव्हता.

शेजाऱ्यानं पहिल्यांदा काय केलं माहीत आहे? त्यानं विश्वास ठेवला नाही. इतक्या वर्षांत खोटे फोन खूप आले होते. "फोटो पाठवा," म्हणाला. मग व्हिडिओ कॉल झाला, त्यानं पडद्याचं चित्र टिपून मुलीच्या आईला दाखवलं आणि आई रडायला लागली. 4 ऑगस्ट 2022 ला मायलेकी भेटल्या. मुलगी सोळा वर्षांची झाली होती. वडील मात्र थोड्याच महिन्यांपूर्वी वारले होते. त्यांची भेट राहून गेली.

राईनपाड्यातल्या जमावाकडंही मोबाईल होते आणि या शेजाऱ्याकडंही. यानं खात्री करून घ्यायला वेळ घेतला, फोटो मागितला, आईला विचारलं. मला वाटतं, सगळा फरक तेवढ्याच वेळाचा आहे.

मुलगी सापडली म्हटल्यावर कॅमेरे आले, वस्ती लोटली. सगळ्यांना आनंद झाला, आणि तो खराच होता. पण परत आल्यावर काही दिवसांनी बातमीदारांशी बोलताना तिनं जे सांगितलं त्याच्याकडं कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. तिला वाईट स्वप्नं पडत. ती बहुतेक घरातच असे, बाहेर जायचं तर घरचं कुणीतरी सोबत लागे. रेल्वे स्टेशनवर खाऊ विकून घर चालवणाऱ्या आईला हातभार लावावा असं तिला वाटत होतं. आणि तिला शिकायचं होतं.

आपल्याकडं मुलगा परत आला तर पेढे वाटतात. मुलगी परत आली तर पेढेही वाटतात आणि चुलीपाशी हळूच विचारतात, "इतके दिवस होती कुठं? काही झालं तर नाही ना?" पुढं सोयरिकीच्या वेळी तीच गोष्ट पुन्हा निघते. पोर घरी आलेली असते, पण गावानं तिला अजून घरात घेतलेलं नसतं. माझ्या आईला अर्ध्या तासाचा प्रश्न वर्षानुवर्षं पुरला. नऊ वर्षांचा प्रश्न त्या मुलीला किती पुरेल, सांगा.

कायद्याचं थोडं सांगते, कारण गटात बायका विचारतात. ही मुलगी हरवली त्याच वर्षी, मे 2013 मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की मूल हरवल्याची तक्रार आली की पोलिसांनी गुन्हा नोंदवायचाच. तेव्हा "आधी नातेवाइकांकडं बघा, मग या" असं कुणी म्हटलं तर ऐकून परत यायचं नाही. मुलांसाठीची 1098 ही हेल्पलाइन 1996 साली मुंबईतच सुरू झाली. आता ती सरकार चालवतं, नंबर तोच आहे. तातडीला 112 आहेच. चुकलेलं पोर आपल्याला सापडलं तर "राहू दे माझ्याकडं, देवानं दिलंय" असं करता येत नाही, 24 तासांच्या आत कळवावं लागतं. आणि सापडलेल्या पोराचा फोटो, नाव, गाव मोबाईलवर फिरवायचं नाही. हरवलेलं असताना पोलिसांनी काढलेलं पत्रक वेगळं. सापडल्यावर ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. "सापडलं" म्हणून आनंदानं फोटो टाकणाऱ्यांना हे माहीत नसतं.

मागच्या बैठकीत ही मुंबईची गोष्ट मी आमच्या बचत गटात सांगितली. पाचातले चार नंबर लागले नाहीत, हे ऐकून सगळ्या गप्प झाल्या. मग आमच्यातली एक उठली आणि गटाची वही घेऊन आली. पहिल्या पानावर आम्हा वीस जणींचे आणि घरच्यांचे नंबर आहेत, गट सुरू झाला तेव्हा लिहिलेले. तिथंच बसून एकेक फिरवून पाहिला. सात लागले नाहीत. एक तर माझाच होता. तसंच बसून सातही नव्यानं लिहिले, आणि लहान लेकरं असलेल्या जणींनी घरी जाऊन पोरांना आईचं पूर्ण नाव पाठ करायला लावलं. माझ्या शेजारणीचा चार वर्षांचा नातू आता नाव विचारलं की आईचं, आजीचं आणि म्हशीचंही सांगतो.